शांत होण्यासाठी बेटावर

५ मार्च, दुपार

पोचलो. समुद्र निळा, माडांच्या रांगा, वाळू पांढरी. ब्रोशरमध्ये होतं तसंच. फक्त ऊन जास्त.

ही सहल माझ्या तब्येतीसाठी आहे. डॉक्टर म्हणाले होते, रक्तदाब गोळीने खाली येईल, स्वभावाचं तुमचं तुम्ही बघा. बघायचं ठरवलं आहे. आठवडाभर कोणावरही चिडायचं नाही. मुळात मी शांतच आहे. ड्रायव्हिंग स्कूल चालवतो, म्हणजे दिवसभर नवशिक्यांच्या हातात स्वतःचा जीव देऊन शेजारी बसतो. चिडका माणूस हा धंदा करूच शकत नाही. लोकांना हे कळत नाही.

बरोबर ही, हिची धाकटी बहीण आणि त्या बहिणीचा नवरा. म्हणजे माझा साडू. दातांचा डॉक्टर. सतत दुसऱ्यांच्या तोंडात हात घालून त्याला सवय लागली आहे, आपण बोलायला लागलो की हा मधे घुसतो.

समुद्राकडची खोली साडूला मिळाली. मला स्वयंपाकघराच्या धुराड्याकडची. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, बुकिंग त्यांच्या नावावर आहे. मी फक्त "ठीक आहे" म्हटलं. ही माझ्याकडे बघत राहिली, बहुतेक कौतुकाने.

लिफ्टचं दार बंद होत नव्हतं. बाहेरून एक लाथ मारली. बंद झालं.

दुपार, नंतर

आता ते उघडत नाही. साडू आणि मेहुणी आत आहेत. मेकॅनिक येतो आहे.

६ मार्च, संध्याकाळ

पक्षी-उद्यान. बेटावर आल्यावर हे पाहायलाच हवं असं सगळे सांगतात. मोठाले पोपट आहेत, लाल-निळे. तिथला फोटोग्राफर पोपट खांद्यावर बसवतो आणि फोटो काढतो.

हिच्या खांद्यावर बसला, चांगला फोटो आला. मेहुणीच्या खांद्यावर बसला, चांगला आला. माझ्या खांद्यावर बसला आणि कानाची पाळी फोडली.

मी हात झटकला. कोणीही झटकेल. पोपट फोटोग्राफरच्या तोंडावर जाऊन आदळला. फोटोग्राफर म्हणाला की पोपट म्हातारा आहे आणि मी त्याला मारलं. मी म्हटलं, कान माझा फुटला आहे. त्याने मला ढकललं. मी त्याला ढकललं. त्याचा कॅमेरा हौदात पडला. मग त्याने माझ्या तोंडावर एक दिली, ती मी मोठ्या मनाने सोडून देणार होतो, पण तोवर माझा हात निघाला होता.

पहारेकऱ्यांनी आम्हाला गेटबाहेर काढलं. कानाला टाके. साडूने सगळं मोबाइलवर घेतलं. मदतीला का नाही आलास, विचारलं. म्हणाला, दोन्ही हात मोबाइलला होते.

पोपट बरा आहे म्हणे. माझी चौकशी कोणी केली नाही.

उद्यापासून पक्का निर्धार. राग आला की मनात उलटे आकडे मोजायचे.

७ मार्च, दुपार

धबधबा. खोल दरीवर झुलता पूल आहे, त्याच्या मध्यावरून धबधबा समोर दिसतो. पुलावर थोडे थोडे लोक सोडतात, म्हणून रांग. ऊन मरणाचं. ही पदराने, सॉरी, स्कार्फने वारा घेत होती. नवीन स्कार्फ घेतला आहे तिने, पिवळा. बऱ्याच वर्षांनी हसत होती.

एक माणूस सगळ्या रांगेच्या पुढे जाऊन सरळ पुलावर चढायला लागला. कोणी बोलेना. शेवटी कोणीतरी बोलायला हवं. मी आकडे मोजायला सुरुवात केली, पण उलटे मोजताना कुठून सुरू करायचं हे ठरवलं नव्हतं. त्याची कॉलर धरून मागे ओढला. कठड्यावर पडला, कपाळ फुटलं. बरंच रक्त आलं. कपाळाचं येतंच.

तो पुलाचा राखणदार निघाला. दोरखंड तपासायला चालला होता.

त्याच्या भावाने मला गाडीतळापर्यंत मारत आणलं. एक बरगडी दुखते आहे. पूल दिवसभरासाठी बंद झाला. रांगेतल्या लोकांनी जे शब्द वापरले ते इथे लिहीत नाही.

धबधब्याचा आवाज गाडीतळावरून ऐकू येतो. खरं तर आवाजच महत्त्वाचा.

येताना ही गाडीत खिडकीकडे तोंड करून बसली. दमली असावी.

८ मार्च, दुपार

विश्रांती. बरगडीला पट्टा. खोलीत धुराड्याचा वास.

कपाटावरून बॅग काढायला हात वर केला तर ही एकदम डोकं झाकून खाली बसली. चप्पल शोधत होती वाटतं.

संध्याकाळ

जेवताना साडू म्हणाला, भावजी, तुमच्या गाडीला दोन्हीकडे ब्रेक असतात ना, मग तुम्हाला एकही कसा नाही. मेहुणीसुद्धा हसली. मी शांतपणे काटा टेबलात रोवला. लाकूड मऊ होतं. काटा निघेना, वेटर पक्कड घेऊन आला.

खोलीवर आल्यावर ही बोलायला बसली. कधी बसत नाही. म्हणाली, "लग्न झाल्यापासून मी तुमच्या चपलांच्या आवाजावरून ठरवते, आज बोलायचं की गप्प बसायचं." मी म्हटलं, मी तुझ्यावर आजवर हात उचलला आहे का? ती म्हणाली, नाही. ताटं भिंतीवर मारलीत, दारं मोडलीत, मुलीचं कपाट फोडलंत. माझ्यापर्यंत अजून आला नाहीत. मी रोज वाट बघते.

निरीक्षण बारीक आहे तिचं. चपलांच्या आवाजाचं मला कधी सुचलं नसतं. रबरी तळाच्या घ्यायला हव्यात.

तिला वचन दिलं. उद्या काहीही झालं तरी हात खिशात.

९ मार्च, संध्याकाळ, पोलीस चौकी

नीट लिहून ठेवतो. लोक नंतर वाटेल ते सांगतील.

सकाळी काचेच्या तळाची बोट. खाली प्रवाळ दिसतात, जांभळे, केशरी, आणि त्यांच्यातून मासे. सुंदर आहे. माझे हात खिशात होते. ही काचेवर वाकून मासे बघत होती, मला हाक मारून एक पिवळा मासा दाखवला तिने. माझ्या मते तो या सहलीतला उत्तम क्षण.

मग साडूने मोबाइल काढला आणि बोटीतल्या लोकांना पोपटाचा व्हिडिओ दाखवला. सगळे मासे सोडून मला बघून हसायला लागले. मी सभ्यपणे मोबाइल मागितला. देईना. मी घेतला आणि समुद्रात टाकला.

त्याने माझ्या तोंडावर ठोसा मारला. मी त्याचा गळा धरला. दोघं काचेवर पडलो. त्याने माझ्या दुखऱ्या बरगडीत गुडघा घातला, मी त्याचं डोकं बाकावर आपटलं. समोरचा दात काचेवर पडला. दातांच्या डॉक्टरचा दात. लोक किंचाळत होते, बोट एका बाजूला कलत होती, नावाडी ओरडत होता की सगळे बुडू. साडूने पुन्हा लाथ मारली तेव्हा बोट ढकलायचा बांबू माझ्या हाताला लागला.

मी तो साडूवर उगारला होता. हे स्पष्ट असावं. ही मधे आली. मधे यायला नको होतं. थांबवायला तिने हात पुढे केला, आणि बांबू माझ्याकडून निघाला होता.

काहीतरी तुटल्याचा आवाज आला. मला वाटलं बांबू तुटला. बांबू धड होता.

ती ओरडली नाही. मनगट मांडीवर घेऊन खाली बसली, आणि तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं गाडी यायची वेळ झाल्यावर माणूस रुळांकडे बघतो.

चौकीतल्या फौजदाराने विचारलं, बाईंना कोणी मारलं. मी म्हटलं, बांबू लागला. त्याने विचारलं, बांबू कोणाच्या हातात होता. मी परिस्थिती समजावायला लागलो. त्याने तेच परत विचारलं. मी म्हटलं, माझ्या. तो म्हणाला, मग तसं सांगा.

१० मार्च, सकाळ, चौकीतच

साडू समोरच्या बाकावर. ओठ सुजून बटाट्याएवढा. रात्र दोघांनी तिथेच काढली. मग तोच म्हणाला, बायको त्याच्याशीही बोलत नाही. व्हिडिओ कशाला दाखवलास, एवढंच विचारून गेली. पुढचा दात नसल्यामुळे त्याचा "स" नीट येत नाही. मला हसू येईल असं वाटलं होतं. आलं नाही.

मेहुणीला तक्रार करायची होती. हिने केली नाही. मी साडूला म्हटलं, बघ, प्रेम आहे. तो म्हणाला, तक्रार केली तर तुमच्यासाठी इथे थांबावं लागेल, म्हणून नाही केली.

फौजदाराने सोडलं. संध्याकाळच्या बोटीने दोघांनी बेट सोडायचं.

दुपार

हॉटेलवर आलो. कपाटात माझेच कपडे. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, मॅडम कालपासून समुद्राकडच्या खोलीत आहेत, बहिणीजवळ. आज दोघी दीपगृह बघायला गेल्या.

मी गेलो. डोक्यात सगळं जुळवून ठेवलं होतं: आधी माफी, मग डॉक्टरांचा विषय, मग घरी गेल्यावर योगाचा क्लास. दीपगृहाचा जिना गोल आणि अरुंद. तिकीटवाल्याने माझा कान, पट्टा, सुजलेलं तोंड पाहिलं आणि विचारलं, वर कोण आहे. मी म्हटलं, बायको. त्याने वर हाक मारून विचारलं की यांना सोडू का.

वरून हिचा आवाज आला. चिडलेला नाही, रडवेला नाही. म्हणाली, "मला जरा समुद्र बघू द्या. ते वर आले तर मी खाली येईन."

मला राग यायला हवा होता. वाट पाहिली. आला नाही. खाली बाकावर बसलो. वर दोघी काहीतरी बोलत होत्या. एकदा ती मोठ्याने हसली. पुलाच्या रांगेत हसली होती त्यापेक्षा मोठ्याने.

उतरल्या तेव्हा हात गळ्यात अडकवलेला होता. प्लास्टर पांढरं, बोटं निळी-काळी. मी उभा राहिलो. ती थांबली, आणि बहिणीच्या पलीकडच्या बाजूला गेली. तशाच दोघी चालत गेल्या.

माफी मागायची राहिली.

संध्याकाळ, बोट

त्या दोघी पुढे बसल्या आहेत. साडू आणि मी मागे, इंजिनाजवळ. ती घरी गेल्यावर मुलीकडे राहणार आहे. मेहुणीने सांगितलं, माझ्याकडे न बघता.

बेट लहान होत चाललं आहे. साडूने विचारलं, दीपगृहावरून काय काय दिसतं.

मी म्हटलं, मी वर गेलोच नाही.