रांगेतला निरोप

३ मार्च
ताईनं वही देऊन महिना उलटला. रोज चार ओळी लिही भटक्या, म्हणाली होती. मी पेन शोधण्यातच महिना घालवला. असो. नोकरी लागली! एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांनी घरातलं बटण दाबलं की मदतनीस धावत जाणार, अशी कंपनी. अजून सुरू व्हायचीय. निरोपांची रांग सांभाळणारा सर्व्हर उभा करायचं काम माझ्या गळ्यात. राहायला ऑफिसमागची माडीवरची खोली. खिडकीत कुणाचं तरी वाळलेलं रोपटं होतं. उगाच पाणी घातलं.

५ मार्च
सर्व्हर चालला! मॅनेजरबाईंनी पहिलीतल्या पोराला सांगावं तसं सांगितलं: निरोप रांगेत थांबतो. मदतनीस तो उचलतो, जाऊन येतो, 'झालं' कळवतो. मगच निरोप पुसला जातो. नाही जमलं तर शेरा मारून परत रांगेत. आणि उचललेल्या निरोपाला आपण हात लावायचा नाही, तो उचलणाऱ्याचा.
बाई गावाला गेल्या. आता मी आणि पंखा.

६ मार्च
चाचणीला खोटा पत्ता टाकायचा असतो. पण दिवसभर कुणाशी अक्षर बोललो नव्हतो. या खोलीचाच पत्ता टाकला, खाली लिहिलं: 'एकटा आहे. ताईसारखं कुणीतरी या.' मदतनीस एकही जोडलेला नाही. बसेल बिचारा रांगेत, माझ्यासारखा.

७ मार्च
निरोप उचललाय कुणीतरी.
बाईंना फोन केला. हसल्या. उचलायला काय भूत येणार आहे, म्हणाल्या, जेवून घे आधी.
जेवून आलो तर निरोप परत रांगेत. शेरा: 'घर सापडलं नाही.'
बघता बघता पुन्हा उचलला.

८ मार्च
सर्व्हर बंद करून चालू केला. निरोप तसाच. वीज गेली तरी निरोप पुसला जाऊ नये, ही सोय मीच केलेली.
नवा शेरा— 'जिना सापडला.'
बॅग भरली. पण जिना एकच. आणि त्यावर चपला वाजताहेत. ताईच्या वाजतात तशा, एक पाय घासत—

दुपार
कडी लावली. ताईला फोन लावला. ती घरीच आहे, भाजी चिरतेय. घाबरू नकोस भटक्या, मी निघते, म्हणाली. फोन ठेवू नको म्हटलं.
टकटक.
बाहेरूनही ताईच. भटक्या, दार उघड, एकटा आहेस ना—
फोनवरची ताई विचारतेय, तिथं माझ्या आवाजात कोण बोलतंय रे?
कडी आपोआप— ती आत आली— फोनमध्ये आता नुसती सुरी वाज—