हार्ड डिस्क बदलण्याची कार्यवाही

२ नोव्हेंबर, सकाळी १०

आजपासून रोजनिशी. काम शिस्तीत व्हावं एवढाच उद्देश. काम: घरच्या कॉम्प्युटरची सिस्टिम जुन्या हार्ड डिस्कवरून नव्या हार्ड डिस्कवर हलवणे. मुदत: दोन दिवस. खरं तर एक पुरे, पण मी नेहमी हातचा राखून सांगतो.

पार्श्वभूमी. कॉम्प्युटर सुरू व्हायला अकरा मिनिटं लागतात आणि आतून कुरकुर ऐकू येते. त्यात बायकोचे विणकामाचे तक्ते आहेत. स्वेटर, शाली, बाळांच्या टोप्या. कुठल्या ओळीत कितवा टाका सुलट, कितवा उलट, हे चौकोनाचौकोनात भरलेलं. एकूण एकशे बारा तक्ते, सहा वर्षांचं काम. त्यांचं पुस्तक निघणार आहे आणि प्रकाशकबाईंना सगळे तक्ते ३० तारखेला हवेत. दुसरीकडे कुठेही ते नाहीत.

बायको म्हणाली, दुकानात देऊ या. मी म्हटलं, घरात जाणता माणूस असताना? हल्ली ती माझ्याशी वाद घालत नाही. पटत असावं.

मी रिकामा आहे असा एक समज पसरलाय. मी विश्रांती घेतोय. एकवीस वर्षं ऑफिसची रेकॉर्ड रूम सांभाळली. जुलैमध्ये त्यांनी सगळे कागद स्कॅन केले आणि मला, साहेबांच्या शब्दांत, मोकळं केलं. निरोपाच्या वेळी चारजण बोलले. मला काही वाटलं नाही. माझा स्वभावच खंबीर.

३ नोव्हेंबर

नवी डिस्क आणली. जुनीच्याच कंपनीची, जुनीएवढीच. कॉम्प्युटरवाला म्हणाला, काका, मशीन घेऊन या, अर्ध्या तासात करून देतो. मी नुसता हसलो. मग म्हणाला, निदान महत्त्वाचं सगळं आधी वेगळीकडे कॉपी करून ठेवा. त्याला समजावलं की मी जे करणार आहे तीच कॉपी. कॉपी करण्याआधी कॉपी करायची, तर मग तिच्याही आधी एक करावी लागेल. याला अंत नाही. त्याने बिल दिलं.

घरी आलो तर बायकोनेही पेन ड्राइव्ह पुढे केला. तक्ते आधी यात घालून द्या, मग काय ते करा, म्हणाली. घेतला. त्यावर 'प्रलंबित' अशी चिठ्ठी लावून ड्रॉवरमध्ये ठेवला.

४ नोव्हेंबर, दुपारी

चिठ्ठ्या. हे माझं खास क्षेत्र.

रेकॉर्ड रूममध्ये मी एक पद्धत बसवली होती. चिठ्ठीवर वस्तू काय आहे ते लिहायचं नाही, ती कुठे जायची ते लिहायचं. नऊ नंबरच्या कपाटातला गठ्ठा चार नंबरमध्ये जायचा असेल तर त्यावर 'चार'. शिपाई वाचतो, उचलतो, प्रश्न विचारत नाही. एकवीस वर्षांत एकही गठ्ठा हरवला नाही. दोन हरवले, पण ते माझ्या रजेत.

त्याच पद्धतीने, जुनी डिस्क कॉम्प्युटरमधून बाहेर काढून तिच्यावर 'नवी' अशी चिठ्ठी लावली, कारण तिच्यातला माल नवीत जायचा. नव्या डिस्कवर 'जुनी', कारण ती शेवटी जुनीच्या जागी बसायची. बायकोने पाहिलं. म्हणाली, अहो, घोटाळा नाही का व्हायचा? मी पद्धत समजावून सांगितली. साधारण वीस मिनिटं. बरं, म्हणाली.

दोन्ही डिस्क कॉम्प्युटरच्या पेटीत बसवल्या की चिठ्ठ्या दिसणार नाहीत, म्हणून डिस्कवर छापलेल्या नंबरांचे शेवटचे दोन आकडे चिठ्ठ्यांप्रमाणे इथे उतरवून ठेवतो.
नवी: ४७.
जुनी: ८२.
आता हे काम डोळे मिटूनही होईल.

५ नोव्हेंबर

डिस्क बसवायला पेटी परत उघडली. धूळ. एक स्क्रू कुठेतरी पडला. दुसरी डिस्क जोडायला केबल नाही. यात माझा दोष नाही, केबल डब्यात द्यायला हवी होती.

६ नोव्हेंबर

केबल आणली. चुकीची. मी मागितली तीच दिली, पण दुकानदाराला समजायला हवं होतं.

१० नोव्हेंबर

मधल्या दिवसांची नोंद नाही, कारण काही घडलं नाही. जेवण झाल्यावर पडतो. पंख्याकडे बघतो. पाच वाजतात. बायकोने विचारलं, काय करताय? विचार करतोय म्हटलं. कसला, ते तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर पंचाईत होती.

उद्यापासून सहाला उठणे.

११ नोव्हेंबर, साडेनऊ

उठलो. मुलीचा फोन आला. नोकरीच्या गावी असते, दर आठवड्याला फोन करते. बाबा, कसे आहात? उत्तम. कॉम्प्युटर झाला का? जवळजवळ. मग तिने फोन आईला द्यायला सांगितला आणि दोघी दारामागे हळू आवाजात बोलत बसल्या. पुस्तकाचं काहीतरी असेल.

बरोबर केबल मिळाली. उद्या कार्यवाही.

१२ नोव्हेंबर, सकाळी ११.१०

शांतपणे बसलो. बायको बाजारात गेली आहे. नक्कल करणारा प्रोग्रॅम सीडीवरून सुरू केला. पडद्यावर दोन डिस्क, दोन लांबलचक नंबर, बाकी कुठली कोणती ते ओळखायला काही खूण नाही. अशा वेळी माणूस गोंधळतो. मी रोजनिशी उघडली. मूळ: जुनी, ८२. नक्कल कुठे: नवी, ४७. दहा सेकंदांत निर्णय.

झटपट की तंतोतंत, असं त्याने विचारलं. तंतोतंत म्हणजे एकही कण न सोडता. अर्थात तंतोतंत.

शेवटी लाल अक्षरांत इशारा: ४७ वरचं सगळं कायमचं पुसलं जाईल. नव्या डिस्कवर आहेच काय पुसायला! हे प्रोग्रॅम घाबरट लोकांसाठी बनवतात. होय.

दुपारी ४.३०. शंभर टक्के. एकही चूक नाही असं त्याने स्वतः लिहून दाखवलं. बायकोला सांगितलं. ती हसली. खरोखर हसली. किती महिन्यांनी, ते आठवेना. तिने चहा केला आणि पुस्तकाच्या मुखपृष्ठाबद्दल बोलत राहिली. निळं की पिवळं, मला विचारलं. पिवळं म्हटलं.

१३ नोव्हेंबर, सकाळी ९

सिस्टिम सापडत नाही असं मशीन म्हणतं. ८२ लावून पाहिली, तेच. ४७ लावून पाहिली, तेच.

९.४०. दोन्ही डिस्क बाहेर काढून टेबलावर ठेवल्या. 'नवी' अशी चिठ्ठी असलेल्या डिस्कच्या कडांना धूळ आहे. खाचांत घट्ट बसलेली, करडी. दहा दिवसांपूर्वी घेतलेल्या डिस्कवर इतकी धूळ कशी, याचा विचार करत बसलो.

१०.१५. समजलं.

१०.३०. काही वाटत नाही. हात थंड पडलेत, पण हवाही थंड आहे.

११. बायको दारात येऊन गेली. झालं का? म्हटलं, मूळ काम झालंय, आता जुळवाजुळव चालू आहे. सत्तर टक्के.

१४ नोव्हेंबर

कॉम्प्युटरवाल्याकडे गेलो. एका मित्राच्या बाबतीत असं झालंय, म्हणून सांगितलं. रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरवली? हो, मित्राने. झटपट की तंतोतंत? तंतोतंत. तो काउंटरवर कोपर टेकून माझ्याकडे बघत राहिला. झटपट केली असती तर मित्राचं थोडंफार वाचलं असतं, म्हणाला. मग एक पत्ता लिहून दिला. तिथल्या बाई पुसलेला डेटा परत काढतात.

मित्राला निरोप देतो म्हटलं.

१६ नोव्हेंबर

डेटाबाईंकडे. तिसरा मजला, लिफ्ट बंद. बाई चष्मा कपाळावर ठेवून बोलतात. डिस्क लावली, पडदा माझ्याकडे वळवला. सगळीकडे शून्यं. खाली सरकवलं, शून्यं. अजून खाली, शून्यं. बाई म्हणाल्या, यातून काही निघायचं नाही. मी विचारलं, शंभरातून एखादा तरी तक्ता? त्या म्हणाल्या, नाही. पण 'नाही' म्हणण्याआधी त्या क्षणभर थांबल्या. त्या थांबण्याला अर्थ आहे. डिस्क त्यांच्याकडेच ठेवून आलो.

बायकोला: ऐंशी टक्के.

१९ नोव्हेंबर

बायको हल्ली सकाळी चालायला जाते. तीन तास. प्रकृतीसाठी चांगलंच आहे. जाताना पिशवीतून जुने स्वेटर बहिणीकडे नेते, धुवायला असतील. आपलं कपडे धुण्याचं मशीन चालू आहे हे मी तिला सांगितलं. हं, म्हणाली. माझा निळा स्वेटरही दिसत नाही.

डेटाबाईंना फोन. आशा ठेवू नका, म्हणाल्या. म्हणजे काम चालू आहे.

२२ नोव्हेंबर

ऐंशीचे पंच्याऐंशी केले. एकदम वाढवणं बरं दिसत नाही.

संध्याकाळी बायको माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, तुम्हाला मला काही सांगायचंय का? म्हटलं, नाही. परत म्हणाली, काहीही असलं तरी. मी म्हटलं, हो, त्या हरवलेल्या स्क्रूबद्दल सांगायचं राहिलं. तिने ऐकून घेतलं. मग उठून आत गेली. स्क्रूची गोष्ट तिला फारशी रुचलेली दिसली नाही.

सांगायला हवं होतं. तोंड उघडलं तेव्हा सांगणारच होतो.

२४ नोव्हेंबर

निर्धार: आज सांगणे. सकाळी ती घाईत होती. दुपारी तिचा डोळा लागला होता. संध्याकाळी मीच आडवा झालो. उद्या.

२५ नोव्हेंबर

मुलीचा फोन. बाबा, एकदा डॉक्टरांकडे जाऊन या ना, म्हणाली. मी म्हटलं, मला काय झालंय? दुखत नाही, खुपत नाही, भूक बेताची, झोप दुपारीसुद्धा लागते. तेच, म्हणाली.

२७ नोव्हेंबर

डेटाबाईंनी फोन करून डिस्क घेऊन जायला सांगितलं. आणली. पैसे घेतले नाहीत. जिन्यात तिसऱ्या पायरीवर बसून राहिलो. किती वेळ ते कळलं नाही. मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. एकशे बारा तक्ते, असं मनात पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं, तरी नाही. पाय झोपलेला असताना आपण चिमटा काढून बघतो, तसं झालं. एक माणूस वर जायचा होता, म्हणून उठलो.

बायकोला: सत्त्याण्णव टक्के. तिने मान हलवली.

२९ नोव्हेंबर

उद्या मुदत. भाषण तयार केलं आहे. मुद्दे: एक, डिस्क दिसायला सारख्या असतात. दोन, लाल अक्षरं फार बारीक होती. तीन, चिठ्ठ्यांची पद्धत मूलतः निर्दोष असून तिचा वापर. इथे अडकलो.

३० नोव्हेंबर, दुपारी २

सांगितलं. मुद्दे राहिले. नुसतं म्हटलं, तुझे तक्ते मी पुसले, सगळे.

बायको म्हणाली, माहीत आहे.

कधीपासून? चौदा तारखेपासून. मी दुकानात गेलो तेव्हा तिने मशीन सुरू करून पाहिलं होतं. मग कॉम्प्युटरवाल्याला फोन केला. त्याने, तुमच्या मिस्टरांच्या त्या मित्राची डिस्क का, असं विचारलं. त्या दिवशी ती बहिणीकडे जाऊन रडली, घरी नाही. दुसऱ्या दिवसापासून तिथेच बसते. विणून ठेवलेले स्वेटर समोर घेते, भिंगातून एकेक टाका मोजते आणि चौकटीच्या कागदावर पुन्हा उतरवते. आतापर्यंत एकोणीस झाले. माझा निळा स्वेटर त्यातच आहे. जे विणून लोकांना देऊन टाकले ते गेले. चाळीसेक तरी. तिने हे सगळं न ओरडता सांगितलं. ओरडली असती तर मला जरा बरं वाटलं असतं.

मी म्हटलं, मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, तुम्ही सांगाल म्हणून थांबले. रोज वाटायचं, आज सांगाल. मी टक्के वाढवत होतो आणि ती थांबली होती.

पुस्तकाचं काय, ते विचारायचा धीर होत नव्हता. तिनेच सांगितलं. प्रकाशकबाईंकडून सहा महिने मागून घेतलेत. घरात आजारपण आहे, असं कारण दिलं.

मला धक्का बसला. घरात आजारपण, आणि मला कोणी काही कळवलं नाही. मी विचारलं, कोण आजारी आहे?

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, जेवून घ्या.

जेवायला बसलो. दुसऱ्या घासाला रडू आलं आणि थांबेना. ती शेजारी बसली होती. भात गार झाल्यावर तिने तो परत गरम करून आणला.