नरवाईतली टिटवी

चि. माणिकला उज्जैनहून ताईचा आशीर्वाद, तुझ्या टकलालाही.

मी मजेत आहे. डाव्या हातानं लिहितेय, उजवा जरासा भाजलाय. काळजी करू नको.

गहू निघाला की उरलेले खुंट, म्हणजे नरवाई, इथे पेटवून देतात. भैरवगढच्या पुढे एका शेतात टिटवीनं उघड्यावरच अंडी घातली होती. मी रोज बघायला जायची. परवा शेतवाल्यानं काडी लावली. बांधावरची फुललेली रुई पेटली, तिच्यावरची फुलपाखरं उडायच्या आत जळाली. टिटवी किंचाळत आगीवर झेपावत होती.

शेतवाला म्हणाला, "हटो अम्मा, चिड़िया ही तो है."

मी त्याच्या पाठीत काठी घातली. मग पंपावर गोणपाट भिजवलं आणि आग झोडपून काढली. अंडी वाचली. तर टिटवीनं माझंच डोकं फोडलं. तुझ्या टकलाची फार आठवण आली.

रुचिरला सांगितलंय, हातावर दूध सांडलं. तूही तेच सांग, नाहीतर पोरगा माझं बाहेर जाणं बंद करेल.

तुझ्या उषाचा गुडघा कसा आहे?

आज पिल्लं निघाली. बघायला गेले तर आई पुन्हा अंगावर आली. उपकाराची जाण नाही, अगदी तुझ्यासारखी.

तुझी काठीवाली,
कुसुमताई