बाबांच्या बोटांसाठी गाडी

प्रिय छोट्या,

शर्यतीच्या आठवड्यात तू फोन बंद ठेवतोस हे मला माहीत आहे. तुझं ते मन एकाग्र करणं वगैरे मी आजवर मुकाट्याने ऐकून घेतलं. या वेळी नाही ऐकणार. हे पत्र तुझ्याच हातात द्यायचं, दुसऱ्या कुणाच्या नाही, असं नेणाऱ्याला मी तीनतीनदा बजावलंय. तू एकच कर. हे वाचून संपेपर्यंत गाडीत बसू नकोस. मधलं सोडून शेवट आधी बघायची तुझी खोड इथे चालवू नकोस. मी रागावलेय आणि घाबरलेयही, आणि दोन्ही एकदम झालं की माझं अक्षर कसं होतं ते तुला दिसतंच आहे.

आधी बरी बातमी सांगते. बाबांची गाडी झाली. बाबांची म्हणजे तुझीच, पण मांडीवर मावेल एवढी. तुला मी त्या मॉडेलच्या पायी किती पिडलं ते तुला माहीत आहे, पण का पिडलं ते तुला नीट माहीत नाही. बाबांची नजर पार गेल्यापासून ते तुझ्या शर्यती नुसत्या ऐकतात. समालोचक बोंबलत असतो, गाड्या घोंघावत असतात, आणि बाबा खुर्चीत पुढे सरकून हाताने हवेत काहीतरी चाचपडत असतात. ज्या माणसाने जन्मभर गॅरेजात हातांनीच सगळं ओळखलं, त्याला आपल्या पोराची गाडी कशी आहे हे कुणी नुसतं सांगून कळणार होतं का? मी आधी दुकानातली एक आणून दिली. त्यांनी एकदाच बोट फिरवलं आणि परत केली. म्हणाले, ही गाडी नाही, साबणाची वडी आहे.

मग म्हटलं, आपण दात करतो, कवळ्या करतो, गाडी काय अवघड आहे! अवघड होती रे बाबा. घाम काढला तिने. पण लॅबमधली माझी हत्यारं कामाला आली. चाकांना जोडणारे ते बारीक दांडे मी तारेचे केले, ज्या तारेने पोरांचे वाकडे दात सरळ करतात त्याच तारेचे. सीट कवळीच्या गुलाबी मसाल्याची केली, तर ती अशी दिसायला लागली की लॅबमधल्या मुली म्हणाल्या, ताई, तुमचा भाऊ कुणाच्या तरी हिरडीवर बसून गाडी चालवतोय. मग तिला काळा रंग दिला. रंगाचं बाबांना काही नव्हतं, पण मला ती हिरडी बघवेना. मागचा पंख दोनदा मोडला. एकदा माझ्या हातून आणि एकदा, खोटं कशाला बोलू, मी चिडून फेकला म्हणून.

आणि फोटो! सगळं फोटोंवरच तर चाललं होतं. तुला मागितले की तू पाठवायचास ते तुझेच, हेल्मेट काखेत धरून हसणारे. त्यांचं मी काय करू? म्हणून मी तुला बाजूला ठेवलं आणि थेट तुझ्या मेकॅनिकला धरलं, आपल्या पान्याला. तो बिचारा मला किती टरकतो ते तुला माहीत आहे. प्रत्येक भागाशेजारी पट्टी ठेवून फोटो काढ म्हटलं, तर तसे काढले. स्टिअरिंग झालं, सीट झाली, शेवटी पेडल राहिली. मी म्हटलं, पेडल कशी आहेत ते दिसल्याशिवाय मी गाडी पुरी करणार नाही. त्याने दोन दिवस टाळाटाळ केली. मग मी फोनवर आवाज चढवला आणि त्याने निमूटपणे पाठवले. तू त्याला फोटो काढू दिलेस, पण कशाकशाचे ते विचारलं नाहीस. आपली बहीण दात कोरून पोट भरते, तिच्या नजरेतून काय सुटणार आहे, एवढा विचार तू करायला हवा होतास.

खरं सांगायचं तर माझ्या नजरेतूनही ते सुटलंच. आमच्या लॅबमध्ये एक नियम आहे. ठसा जसा येतो तसाच दात करायचा. वाकडा आला तर वाकडा. त्यात आपली अक्कल घालायची नाही, कारण तोंड आपलं नसतं. नवीन मुली ठशातली खाच बघून म्हणतात, ही चूक असेल, भरून टाकते. मी त्यांच्या हातावर चापट मारते. इतकी वर्षं हेच केल्यावर माणूस विचार करायचंच सोडून देतो. फोटोत उजव्या पेडलवर एक पट्टा दिसत होता. बूट आत घालून वरून आवळून घ्यायचा, तसा. मी जुन्या पर्सचं चामडं कापलं, तसाच पट्टा केला, तसाच बसवला. कशाला आहे, हे मनात आलंसुद्धा नाही. उलट इतका बारीक जमला म्हणून स्वतःवर खूष झाले.

बाबांच्या हातात गाडी दिली तो दिवस तुला दाखवायला हवा होता. त्यांनी ती मांडीवर घेतली. चाकांपासून सुरुवात केली, मग दांडे, मग नाक. स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं फिरतात हे कळल्यावर असे हसले की मला आईची आठवण झाली, ती असती तर म्हणाली असती, बघा म्हातारा कसा खुलला. मग त्यांनी आत बोट घातलं. डावीकडे ब्रेक, बरोबर. उजवीकडे गेले आणि थांबले. पुन्हा चाचपलं. म्हणाले, हे काय लावलंयस? मी म्हटलं, पट्टा आहे, फोटोत आहे. ते म्हणाले, वेडी की काय तू, ॲक्सिलरेटरला पाय कोण बांधून ठेवतं? पाय क्षणात सुटला पाहिजे. गाडी आदळली, पेट घेतला, तर माणूस बाहेर उडी मारणार का आत वाकून पट्टा सोडत बसणार? मी पुन्हा म्हटलं, अहो पण फोटोत आहे ना. आणि हे म्हणता म्हणताच मी स्वतःच त्या पट्ट्यावर बोट ठेवलं.

ज्याला आपला पाय कुठे आहे ते कळतं, त्याला पाय बांधावा लागत नाही. ज्याला कळत नाही, त्यालाच बांधावा लागतो. दुसरं काय कारण असणार?

बाबांना मी म्हटलं, चुकलंच माझं, दुसऱ्याच कुठल्या गाडीचा फोटो त्यात मिसळला असेल. ते हूं म्हणाले. मी गाडी उचलून आतल्या खोलीत नेली आणि पलंगावर बसून राहिले. मग एकेक गोष्ट आठवायला लागली. मागच्या मोसमात तू भिंतीवर आदळलास, उजव्या पायाचं ऑपरेशन झालं, आणि महिन्याभरात तू सांगितलंस, ताई, एकदम फर्स्ट क्लास. आम्ही पेढे वाटायचेच बाकी होतो. नंतर तू घरी आलास तेव्हा जिन्यावरून खाली बघत बघत उतरत होतास. मला वाटलं, साहेब आता मोठे झाले, जपून चालायला लागले. आणि ती खुर्ची! मी जेवायला बसताना खुर्ची ओढली, तिचा पाय तुझ्या अनवाणी बोटांवर आला, मी बसलेसुद्धा, आणि तू आपला बाबांना कुठल्याशा वळणाची गंमत सांगत होतास. मीच किंचाळले. तेव्हा तू आधी खाली बघितलंस, आणि बघून झाल्यावर म्हणालास, आई गं. आम्ही सगळे हसलो. सोसायची सवय झालीय पोराला, असं मी शेजारणीला कौतुकाने सांगितलंही. माझं वजन तुला माहीत आहे, छोट्या. त्या खुर्चीखाली दगड असता तर तोही ओरडला असता.

मग तुझ्या तपासण्यांचा विचार केला. डॉक्टर टाचणी टोचतात, तू बघत असतोस, टोचली की लागली म्हणतोस. असंच ना? लहानपणी पाठ झालेल्या कविता वाचून दाखवायचास तू, पुस्तक उलटं धरून, आणि बाईंना पत्ताही लागायचा नाही. हुशार आहेस, नाही कोण म्हणतंय? मी पान्याला फोन केला. त्याला म्हटलं, पट्ट्याबद्दल मला सगळं कळलंय. एरवी त्याचं बोलणं थांबत नाही. त्या दिवशी एवढंच म्हणाला, ताई, तो ऐकत नाही. आणि रडायला लागला. इतका मोठा बाप्या, फोनवर हुंदके देत होता. त्याच्यावर राग काढशील तर याद राख. तो तुझं ऐकून सरावाला पट्टा लावतो, तेव्हाचाच तो फोटो, आणि शर्यतीला गाडीची तपासणी झाल्यावर लावून शर्यत संपली की काढतो, आणि मधला सगळा वेळ त्याचा जीव टांगणीला असतो.

मला तुझी बाजू कळत नाही असं समजू नकोस. एवढ्या मोठ्या टीमने पहिल्यांदाच तुला घेतलंय. ही जागा गेली तर पुन्हा कोण देणार, हे मलाही दिसतं. तू शाळेच्या दप्तराला स्टिअरिंग समजून घरभर फिरायचास तेव्हापासून तुला दुसरं काही करायचंच नव्हतं. म्हणून मी दोन दिवस काहीच केलं नाही. खरंच नाही केलं. स्वतःला समजावलं की एकच शर्यत आहे, होऊन जाईल, नंतर बोलू. गाडीतला तो चामड्याचा पट्टा चिमट्याने काढून टाकला, पेडल घासून साफ केलं, आणि गाडी बाबांच्या हातात परत दिली. त्यांचं बोट सरळ तिथेच गेलं. घासलेल्या जागेवरून फिरलं. मग शांतपणे म्हणाले, यातला काढून काय उपयोग? त्याच्या गाडीतला काढ. एवढंच. म्हणजे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं, आणि मी खोटं बोलतेय हेही कळलं होतं. दोन दिवस म्हातारा एकटाच ते गिळून बसला होता. मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडले, आणि ते माझ्या केसांवरून हात फिरवत राहिले, पण ट्रॅकवर नको जाऊस असं काही म्हणाले नाहीत.

म्हणून मी आलेय. हे पत्र मी घरून लिहीत नाहीये. तुमच्या ट्रॅकवरच्या डॉक्टरांच्या खोलीबाहेर जे बाक आहे, त्यावर बसून लिहितेय. आत जाऊन मुख्य डॉक्टरबाईंना सगळं सांगून झालंय. फोटो दाखवला नाही, पट्ट्याचं नाव काढलं नाही, पान्याची भाकरी जायला नको. इतकंच सांगितलं की माझ्या भावाला उजव्या पावलात काही कळत नाही, त्याचे डोळे बांधून तपासा. त्यांनी मला दोनदा विचारलं, तुम्ही सख्ख्या बहीण ना, मग याचा अर्थ काय होतो ते कळतंय ना. मी हो म्हटलं आणि सही केली. आता तुला बोलावणं येईल. ते आणणाऱ्याच्याच हाती हे पत्र देतेय, कारण माझं नाव तुला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळू नये. तुझ्याकडे आधी आले नाही, कारण तू ताई म्हणाला असतास, हसला असतास, आणि मी परत फिरले असते. समोरून गाड्या जातायत, त्यातली तुझी कुठली ते आवाजावरून मला ओळखता येत नाही, बाबांना आलं असतं. मी इथेच बसलेय, कुठेही जात नाही. ये आणि सगळ्यांसमोर काय वाटेल ते बोल. वैरीण म्हण. जन्मभर अबोला धर, मी सोसेन, मला चालेल. पण अबोला धरायला तरी तू असायला हवास ना रे.

तुझीच, तुझी चहाडी करून बसलेली
ताई