सुतारपक्ष्याची ढोली आणि देल्फिनाची खोली

मी, एवारिस्तो सेलाया, वय अठ्ठावन्न, व्यवसाय छपरांवरचे कूलर दुरुस्त करणं व गावच्या साप्ताहिकात पक्ष्यांविषयी लिहिणं, राहणार कासा ग्रान्दे, अ‍ॅरिझोना, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, स्वेच्छेने आणि कॉफी न पिता लिहीत आहे. कॉफी डॉक्टरांनी बंद केली. माझ्या हृदयाबद्दल त्यांचं आणि माझ्या बहिणीचं मत एकच आहे.

१. शिडी, पाने, पकडी आणि ट्रक माझा भागीदार नाचो ओरोस्को याला. ट्रकचा दुसरा गिअर विनवणी केल्याशिवाय पडत नाही.

२. दुर्बीण वाचनालयाला. तिच्यात दोष नाही. दोष ती न उचलणाऱ्यात होता, तो पुढील कलमात.

३. दुरुस्ती. अकरा वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत, मी छापून आणलं की आमच्या अंगणातल्या, घराहून उंच सग्वारो निवडुंगात सोनेरी फ्लिकरने ढोली कोरली आहे. हा सुतारपक्षी शेंड्याजवळ कोरतो, आतल्या फासळ्या तोडतो, आणि शेंडा कधीतरी खाली येतो. खाली आमचं स्वयंपाकघर. थोरली बहीण देल्फिना दारातूनच म्हणाली, "अरे पंडिता, डोक्यावर लाल टोपी, पाठीवर झेब्र्याचे पट्टे. फ्लिकरच्या पंखाखाली पिवळं असतं. हा हीला जातीचा सुतारपक्षी आहे. रोज सकाळी आपल्या कूलरवर ठोकतो तोच."

"शेंड्याजवळ कोरलंय, म्हणजे फ्लिकर."

"शेंडा कुठला, अर्ध्यावर आहे! मान वर कर की जरा."

मी मान वर केली नाही. छापून आलं होतं.

"आणि ढोली रिकामीच आहे," मी म्हणालो. "कोरून पळाला तो."

"पळाला नाही. ओल्या भिंतीत पिल्लं कोण ठेवतं? निवडुंगाची जखम आतून वाळून टणक व्हायला महिने लागतात. मग येईल."

"तसं पत्र पाठवलंय का त्याने?"

शनिवारी मी शिडी लावून ढोली सिमेंटने बुजवली. एप्रिलात जोडी आली. नऊ दिवस सिमेंटवर ठोकत राहिली. देल्फिना खिडकीत उभी राहून ऐकायची. पक्षी हीला जातीचाच होता, हे मी आज प्रथमच लिहीत आहे.

४. त्याच महिन्याअखेर आई गेली. देल्फिना 'थोडे दिवस' म्हणून मावशीकडे यूमाला गेली. आठ महिने तिची खोली रिकामी राहिली. मी समजलो, सोडली. कूलरच्या मोटारी आणि पंप आत रचले, बाहेरून कुलूप घातलं. डिसेंबरात ती दोन पेट्या आणि मक्याच्या पानांत उकडलेल्या तमालेंचं पातेलं घेऊन आली. कुलपाकडे बघून म्हणाली, "इथेही सिमेंट?" पातेलं ओट्यावर ठेवलं आणि आल्या बसने परत गेली. तमाले मी खाल्ले, हेही नमूद करतो. चवदार होते.

५. या ऑगस्टातल्या वादळात निवडुंग पडला. खोड कुजलं होतं, पण ढोली शाबूत निघाली: बुटाच्या आकाराची, लाकडासारखी टणक, सिमेंटच्या बुचासकट. बूच मी छिन्नीने काढलं. ढोली देल्फिनाला.

६. घरही देल्फिनालाच. माझ्या पश्चात तिची खोली मोकळी करून कुलूप काढावं. ती आली नाही तर वर्षभर तिथे कोणी काही ठेवू नये. दुसऱ्या वर्षीही नाही. केवळ रिकामी दिसते म्हणून ती सोडलेली आहे, असं कोणी ठरवू नये.

अंमलबजावणी शेजारीण ओफेलिया मुंगिया करील. मसुदा वाचून ती म्हणाली, "मरेपर्यंत कशाला थांबतोस? आजच मोकळी कर."

"मग मोटारी कुठे ठेवू?"

"तुझ्या उरावर."

कासा ग्रान्दे, ९ सप्टेंबर २००४.
सही: एवारिस्तो सेलाया

साक्षीदार: १. लाझारो किहादा, न्हावी. मजकूर न वाचता सही केली. चष्मा दुकानात आहे.
२. ओफेलिया मुंगिया. सदर मोटारी दुपारपासून माझ्या व्हरांड्यात आहेत. कुलूप काढलं. यूमाला फोन मीच लावला आणि याच्या हातात दिला. चार मिनिटं झाली, दोघंही बोलत नाहीत, पण ठेवलाही कोणी नाही.