अमरच्या नावाने आलेला व्हायरस

बाबूपेठ, चंद्रपूर
२० मे २००४

आदरणीय लियाकतभाऊ,

मनसारामचा रामराम आणि सलाम, दोन्ही एकाच दमात घ्या. गुडघे कसे आहेत? लेक शिरीनच्या शेजारी खोली मिळाली म्हणून तुम्ही सिरोंच्याला गेलात खरे, पण तिथल्या नदीकाठच्या हवेने दुखणं कमी झालं की वाढलं, ते गेल्या पत्रात तुम्ही लिहिलंच नाही. शमसुन्निसाभाभींना विचारलं म्हणून सांगा. (त्या आता भाजीवालीशी तेलुगूत भांडतात असं शिरीन फोनवर म्हणत होती. म्हणजे करमायला लागलं म्हणायचं.) इकडे ऊन असं आहे की कूलरमधलं पाणी थेट चहाला चालेल. तुमच्या जुन्या घरात आता एक मास्तर राहतात. सज्जन आहेत, पण संध्याकाळी ओट्यावर बसत नाहीत, त्यामुळे त्यांचा शेजाऱ्यांना काही उपयोग नाही.

पत्रास कारण आमचा कॉम्प्युटर. त्याला कोणता अँटिव्हायरस बसवावा, याबद्दल तुमचा सल्ला हवा आहे. तुम्ही म्हणाल, मी टेलिफोन खात्यात खांबावर चढणारा माणूस, मला यातलं काय कळतं. पण गोकुळा तुम्हाला राखी बांधते आणि तारेतून जे काही येतं-जातं ते सगळं तुम्हाला कळतं अशी तिची ठाम समजूत आहे. त्या समजुतीमुळेच हे पत्र लिहावं लागत आहे. काही गोष्टी तुम्हाला माहीत आहेत, तरी सुरुवातीपासून लिहितो. लाकूड डेपोत कारकुनी केलेल्या माणसाला मधूनच सुरू करता येत नाही.

आमचा अमर कुवेतला नोकरीला लागला आणि पहिल्याच सुट्टीत हा कॉम्प्युटर घरी बसवून गेला. गोकुळाने जुन्या लुगड्याचं झाकण शिवलं. मेल कसा उघडायचा ते त्याने आईला शिकवलं, मला शिकवताना मात्र त्याचा धीर सुटायचा. तो मराठीच लिहितो, पण इंग्रजी अक्षरांत. एकदा ‘मी बरा आहे’ असं त्याने लिहिलं ते मी ‘मी बारा आहे’ असं वाचून दाखवलं आणि हे बारा जण कोण, खोलीत इतके कसे मावतात, म्हणून गोकुळाने दिवसभर जीव खाल्ला. असं आमचं बरं चाललं होतं.

होळीच्या सुमारास त्याचा फोन आला. कंपनी त्याला सीमेपलीकडे इराकमध्ये नेत होती, तिथे फौजेच्या छावणीत जनरेटरचं काम होतं. मी म्हटलं, अरे, तिथे लढाई चालू आहे ना. तर म्हणाला, “लढाई झाली बाबा, आता फक्त लाइट लावायची हाये. पोचलो का मेल करतो.” त्यानंतर मेल नाही, फोन नाही. मुंबईच्या ज्या ऑफिसने त्याला पाठवलं तिथे मी पत्रं धाडली, मेल केले, फोन केले. फोन एक बाई उचलते, थांबा म्हणते आणि सनई लावून देते. (सनई चांगली वाजवलेली आहे. पण ती ऐकत उभं राहणं जमत नाही.) टीव्हीवर तिकडची बातमी लागली की गोकुळा उठून टीव्ही बंद करते आणि थोड्या वेळाने स्वतःच लावते. जेवण तर तिने सोडल्यातच जमा होतं. ताटात भात कालवायचा आणि उठून जायचं.

आता अमरची खबर यायची ती त्या कॉम्प्युटरच्या डब्यातूनच, तेव्हा डब्याला जपलं पाहिजे असं जो तो सांगू लागला. जटपुरा गेटजवळ दुकान असलेला ताबिश, ज्याच्याकडून अमरने कॉम्प्युटर घेतला होता, तो म्हणाला, “काका, तुमच्या घराले दरवाजाच नाई. कोणीबी घुसून राह्यलं.” त्याने एक अँटिव्हायरस बसवून दिला. समोरच्या इंदुताईंना हे कळलं. त्यांची सून पुण्याला कॉम्प्युटरवर नोकरी करते, त्यामुळे इंदुताईंचा शब्द आमच्या गल्लीत शेवटचा असतो. त्यांनी सुनेकडून चौकशी करून सांगितलं की तो काही कामाचा नाही, दुसरा चांगला आहे आणि फुकट आहे. मी दुसराही बसवला. दोन राखणदार ठेवले तर घर जास्त सुरक्षित होईल असा माझा हिशेब. पण त्या दोघांनी पहिल्याच दिवशी एकमेकांना चोर म्हणून धरलं. याने त्याला अडवायचं, त्याने याला, आणि मधल्या मध्ये कॉम्प्युटर असा मंदावला की एक अक्षर दाबून मी पाणी पिऊन यायचो तेव्हा ते पडद्यावर उमटायचं. माझा चुलतभाऊ इसरू पोंभुर्ण्याहून आला होता. तो म्हणाला, हे सगळं काढून टाक, महिन्यातून एकदा सगळं पुसायचं आणि कोरं करून वापरायचं. मी विचारलं, अमरची पत्रं आहेत त्यात, त्यांचं काय. मग आम्ही दोघं चहा प्यायलो.

खरी अडचण वेगळीच निघाली, लियाकतभाऊ, आणि ती तुमच्या खात्यातली आहे. ताबिशने बजावलं होतं की अँटिव्हायरसला रोज नवीन माहिती भरवावी लागते, नाहीतर तो आंधळा. ती येते टेलिफोनच्या तारेतून, आणि आमच्या लाइनवर तिला अर्धा दिवस लागतो. तेवढा वेळ फोन एंगेज. पहिल्याच दिवशी गोकुळा आली आणि तिने भिंतीतून वायर उपटली. “तेवढ्यात पोट्ट्याचा फोन आला तं? एंगेज लागला तं तो पुन्हा लावन का नाई, कोणाले माहीत.” मी म्हटलं, हे भरवलं नाही तर व्हायरस येईल. ती म्हणाली, “येऊ द्या. व्हायरससाठी मी फोन अडवून ठेवू काय?” शेवटी रोज थोडा वेळ वायर लावायची, मेल बघायचे आणि काढायची, असं ठरलं. राखणदार दोन, आणि दोघेही उपाशी.

गेल्या आठवड्यात भर दुपारी मी वायर लावली आणि अमरच्या नावाने मेल आला. नाव त्याचं, पत्ता त्याचा. आत मजकूर नाही, वर ‘तुमचा फोटो’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द आणि खाली एक जोडलेली फाइल. एक अँटिव्हायरस म्हणाला, धोका आहे. दुसरा म्हणाला, काही नाही. आपल्या माणसाच्या नावाने आलेली फाइलसुद्धा उघडायची नाही, हे ताबिशने मला इतक्यांदा सांगितलं होतं की मला ते पाठ झालं होतं. गोकुळा मागे उभी होती.

“उघडा,” ती म्हणाली.

मी तिला समजावलं. हे अमरचं नाही, अमर असं लिहीत नाही, त्याने धाडलं असतं तर दोन ओळी तरी लिहिल्या असत्या.

“त्याचा हात मोडला असन तं? कोण्या दुसऱ्यानं धाडला असन तं? नाव तं त्याचंच हाये ना?”

मी म्हटलं, अगं, उघडलं तर सगळं जाईल.

“सगळं म्हंजे काय?” तिने विचारलं, आणि माझ्या हातावरून हात नेऊन स्वतःच उघडलं. अमरने तिला चांगलं शिकवलं आहे.

फोटो नव्हता. पडदा एकदा मिचकला आणि बस. ती बराच वेळ बघत राहिली. मग मशीन आपल्या मनाने काम करू लागली आणि आमच्या पत्त्यांच्या यादीत जेवढे लोक होते त्या सगळ्यांना माझ्या नावाने व्हायरस गेला. इंदुताईंच्या सुनेला गेला. (इंदुताई तेव्हापासून आमच्या दारावरून जाताना दुसरीकडे बघतात.) मुंबईच्या त्या ऑफिसलाही गेला, आणि काय सांगू, त्यांचं उत्तर आलं. इतक्या पत्रांना, फोनांना, विनवण्यांना जे ऑफिस कधी बोललं नाही, त्याने त्याच दिवशी लिहिलं की आपण आमच्या यंत्रणेला धोका पोहोचवत आहात, हे ताबडतोब बंद करा. मी उलट लिहिलं की बंद करतो, पण माझा मुलगा कुठे आहे तेवढं सांगा. त्याला उत्तर नाही.

ताबिश साफ करायला आला. तो खाली वाकून काम करत होता तेव्हा गोकुळाने चहा आणला आणि स्टुलावर बसली. मला वाटलं, आता रडेल. ती म्हणाली, “म्हंजे हा व्हायरस अमरच्या मशीनमधून आला ना? मंग त्याची मशीन चालू हाये. कोणीतरी ती चालू करते.” ताबिशने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. त्या दिवशी ती जेवली, लियाकतभाऊ. भात, वरून मासळीचा रस्सा, आणि पुन्हा थोडा भात. दुसऱ्या दिवशी तिने अमरची चादर धुऊन उन्हात घातली.

ताबिशला सोडायला मी स्कूटरपर्यंत गेलो. तिथे त्याने सांगितलं. हे नवे व्हायरस ज्याच्या नावाने येतात त्याच्याकडूनच येतात असं नाही. पुष्कळदा कुठल्या तरी तिसऱ्याच्याच मशीनमध्ये शिरतात, तिथे सापडतील त्यातली दोन नावं उचलतात आणि एकाच्या नावाने दुसऱ्याला पाठवतात. अमरचा आणि आमचा पत्ता ज्याच्याकडे असेल अशा कोणाकडूनही तो आला असेल. “काका, अमरभाऊच्या मशीनचा याच्यात काई संबंध असन असं नाई.” तो चांगला पोरगा आहे, त्याने मान खाली घालून सांगितलं. मी त्याला म्हटलं, घरात बोलू नको. तो म्हणाला, नाही बोलत.

तर अशी हकिगत. फार लांबली, डोळ्यांना त्रास झाला असेल तर शिरीनकडून वाचून घ्या. इथले सगळे तुमची आठवण काढतात. पावसाळ्याआधी एकदा येऊन जा, गुडघे घेऊनच या.

तुमचा, तारेच्या या टोकाचा,
मनसाराम

ता. क. अँटिव्हायरसचं मनावर घेऊ नका. ताबिशने दोन्ही काढून एकच ठेवला आहे आणि मशीन आता बरी चालते. खरं काम वेगळं आहे. तिच्या म्हणण्याला मी हो म्हटलं, पण माझा चेहरा वाचता येतो गोकुळाला, त्यामुळे तिचा माझ्यावर पुरता भरवसा बसलेला नाही. “मी लियाकतभाऊले विचारते, ते तारेतले माणूस, खोटं नाई बोलत,” असं तिने जाहीर केलं आहे. येत्या रविवारी ती तुम्हाला फोन करेल. व्हायरस ज्याच्या नावाने येतो त्याच्याच मशीनमधून येतो का, एवढंच विचारेल. हो म्हणा. जास्त समजावू नका, तुम्हाला खोटं नीट जमत नाही आणि ती लगेच धरेल. नुसतं हो म्हणा.

ता. क. आणखी एक. फोन ती कानाला लावेल, पण मी शेजारीच बसलेला असेन. हो म्हणाल ते जरा मोठ्याने म्हणा, मलाही ऐकू येईल असं.