आईचं तोंड हुंगलंस म्हणून

दादा,

आईला घेऊन मावशीकडे चालले आहे. फोन करू नकोस, मी उचलणार नाही.

दारू सुटावी म्हणून तू आधी चहा सोडलास, मग साखर, मग दूध, अंडी, मटण, सगळंच. उकडलेल्या भाज्या आणि भिजवलेली कडधान्यं खाऊन तू माणसात आलास, हे मी नाकारत नाही. गॅरेजचा मालक आता तुझ्या हातात गाड्यांच्या चाव्या देतो. पण व्यसन तुझं होतं, मग पथ्य सगळ्या घराला कशाला? माझं दही मोरीत ओतलंस, तेव्हाही मी चालवून घेतलं.

काल मात्र हद्द झाली. मी कामावरून आले तर तू आईच्या तोंडाशी नाक नेऊन विचारत होतास, "दूध प्यायलीस ना? खरं सांग." आणि ती मुकाट्यानं आ करून बसलेली. रिकाम्या पोटी गोळी नको म्हणून शेजारच्या काकूंनी तिला कपभर दूध दिलं होतं, एवढाच तिचा गुन्हा.

तू पीत होतास तेव्हा हीच आई दारात तुझं तोंड हुंगायची. तू शिव्या द्यायचास, ढकलायचास, पण ती जागची हलायची नाही.

मूग भिजत घातलेत. पुन्हा प्यायची हुक्की आलीच, तर आमचं नाव पुढे करू नकोस.

हातात बाटली असताना आई तुला कधी घाबरली नाही. काल तुझ्या हातात मुगाची वाटी होती, आणि तुला घाबरून तिनं आ केला.